विहिरीतून निघालेले खडे घरच्या घरी ओळखता येतील का?

प्रश्न (भोकरदन तालुका, जि. जालना)
रामराम मंडळी. शेतात विहिरीचं काम चालू आहे. सहा परसावर काळा पाषाण लागला, सुरुंग घेतले, तर दगडात पोकळ्या अन् आत नुसते खडे. काही पांढरे टोकदार, काही पिवळसर आरपार दिसणारे, काही फिकट गुलाबी, मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे. दोन-चार हिरवेही आहेत. गावात सगळ्यालाच गारगोटी म्हणतात. एक जण मात्र हिरव्याला पाचू म्हणून मागतोय. काय समजायचं?

उत्तर (लातूर)
उजेडातले फोटो टाका भाऊ. आणि तूर्त काही विकू नका.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
दादा, मी भूशास्त्र शिकवते. फोटोत रंग दिसतो, आणि रंगावरच माणूस सगळ्यात जास्त फसतो. आपला काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजं वाढली. तेव्हा एकाच पोकळीत तीन-चार प्रकार सापडणं इथे नेहमीचंच.

आधी काचेची रिकामी बाटली घ्या. पांढऱ्या खड्याच्या टोकाने ओरखडा काढा आणि बोटाने पुसा. पुसूनही चरा राहिला, तर तो क्वार्ट्झ, म्हणजे खरी गारगोटी; १ ते १० च्या मापावर कठीणपणा ७. पुसल्यावर गेला, तर तो खड्याचाच भुगा होता.

पिवळसर खडा चाकूने सहज ओरखडतो का बघा. ओरखडला, तर तो बहुधा कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. मग तुटलेला तुकडा हातात घेऊन नीट न्याहाळा. कॅल्साइट कुठेही फुटला तरी तिरक्या चौकोनी तुकड्यांतच फुटतो, एकही कोपरा काटकोनी नसतो. स्वच्छ तुकडा छापील ओळीवर ठेवा, ओळ दुहेरी दिसेल. क्वार्ट्झला असं ठरलेलं फुटणं नाही, तो काचेसारखा वाकडातिकडा फुटतो. खात्रीसाठी थोडा भुगा करून लिंबू पिळा, कॅल्साइट फसफसतो.

पेंढीसारखे ते बहुधा स्टिल्बाइट. हा झिओलाइट गटातला, कठीणपणा साडेतीन-चार, काचेवर चरा पाडत नाही. सपाट बाजूला मोत्यासारखी झाक असते. ते ठिसूळ असतात, ब्रशने घासू नका.

पाचू काचेवर सहज चरा पाडतो, आणि आपल्या पाषाणाच्या पोकळीत तो होत नाही. हिरवा बहुतेक अपोफिलाइट नावाचं खनिज असेल. अख्ख्या खड्यावर प्रयोग करू नका, मागच्या बाजूची कपची घ्या.

उत्तर (परभणी)
ताईंच्या म्हणण्यात भर. वजनकाट्यावर घनता काढता येते. खडा हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोला. हवेतलं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक. स्टिल्बाइट २.२ च्या आसपास येतो, क्वार्ट्झ २.६५. कॅल्साइट २.७१, म्हणून ते दोघे यावर वेगळे काढायचा नाद करू नका, तिथे लिंबूच बरं.

प्रश्नकर्ता
ताई, केलं सगळं. पांढऱ्याने बाटलीवर पक्का चरा पडला. पिवळ्याचा भुगा लिंबाने फसफसला, अन् त्याच्यातून सातबाऱ्यावरचं नाव दोनदा दिसलं, पोरं हलायलाच तयार नव्हती. हिरव्याच्या कपचीने काचेला काही झालं नाही. वरचं तोंड सपाट आहे, तिरकं धरलं की मोत्यासारखं चमकतं.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
मग तो अपोफिलाइटच. त्या सपाट तोंडाला समांतर तो पटकन सुटतो, तेव्हा एकावर एक रचू नका. प्रत्येक खडा वेगळ्या कापसात ठेवा आणि कोणत्या विहिरीतून, किती खोलीवरून निघाला ते चिठ्ठीवर लिहा. पुढचा सुरुंग घेण्याआधी पोकळी दिसली तर मला कळवा, मी येते.