शब्दचर्चा: चेन पडली की दुर्दैव? आणि जो थांबतो त्याला काय म्हणायचं?

घाटमाथा
टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या टप्प्याटप्प्यांच्या सायकल शर्यतीवर मराठीत काही लिहायला घेतलं की दोन शब्दांपाशी माझी गाडी हमखास अडते. एक 'दुर्दैव', दुसरा 'खिलाडूवृत्ती'. दोन्ही शब्द बातम्यांत सर्रास वापरले जातात आणि दोन्ही मला नीट बसत नाहीत.

प्रसंग बहुतेकांना ठाऊक असेल. १९ जुलै २०१०, पंधरावा टप्पा, पामिए ते बान्येर-द-लुशों. पोर द बालेसच्या चढावर पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या, अँडी श्लेकने जोर लावून मुसंडी मारली आणि तेवढ्यात त्याची चेन पडली. सायकल जागच्या जागी मंदावली. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी अल्बर्टो कोंतादोर, डेनिस मेन्शोव आणि सॅम्युएल सांचेझ शेजारून निघून गेले. श्लेक उतरला, चेन बसवली, पुन्हा चढला, जीव तोडून पाठलाग केला. टप्पा संपला तेव्हा ३९ सेकंद गेले होते. सकाळी कोंतादोरच्या ३१ सेकंद पुढे असलेला हा गडी संध्याकाळी ८ सेकंद मागे होता. पॅरिसला शर्यत संपली तेव्हा दोघांतलं अंतर किती? तेच, ३९ सेकंद.

आता यावर आपण काय लिहितो? 'दुर्दैवाने श्लेकची चेन निसटली' आणि 'कोंतादोरने खिलाडूवृत्ती दाखवली नाही.' मला दोन्ही वाक्यं खटकतात. का खटकतात ते जाणकारांनी सांगावं.

मागचं चाक
आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून पहिल्या वाक्याबद्दल बोलतो. चेन पडणे, चेन अडकणे आणि चेन तुटणे या आमच्याकडे तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचं कारण वेगळं. तुटते ती बहुधा झिजलेली असते किंवा तिची कडी नीट दाबलेली नसते. अडकते ती चकती आणि फ्रेम यांच्या बेचक्यात. पडते ती मात्र बरेचदा गिअर टाकताना. चढावर पायांत सगळा जोर असताना गिअर बदलला की चेन ताणलेली असते, एका दात्यावरून दुसरीकडे सरकायला तिला ढील मिळत नाही, आणि ती चकती सोडून खाली येते. म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो, गिअर टाकताना पाय क्षणभर हलका करा. डिरेलरचा, म्हणजे चेन सरकवणाऱ्या यंत्रणेचा, स्क्रू पाव फेरा इकडेतिकडे असला तरी हेच होतं.

तेव्हा पडलेल्या चेनला मी सरसकट दुर्दैव म्हणणार नाही. त्यात थोडा हाताचा भाग असतो, थोडा मेकॅनिकचा, थोडा रस्त्याचा. 'चेनने दगा दिला' म्हणा. दगा देणाऱ्यावर आपण विसंबलेलो असतो, एवढं त्या शब्दात येतं.

पंक्चरचं तसं नाही. रस्त्यावर काय पडलंय हे ७० च्या वेगाने उतरणाऱ्याला दिसत नाही. ते खरं दुर्दैव.

अक्षरओळ
पंक्चरलाही अपवाद आहे. २०१२ च्या टूरमधला चौदावा टप्पा, लिमू ते फ्वा. म्युर द पेगेरच्या माथ्याजवळ कुणीतरी रस्त्यावर छोटे खिळे टाकले होते. जवळपास तीस जणांची चाकं गेली. आदल्या वर्षीचा विजेता कॅडेल इव्हान्स माथ्यावर चाकाची वाट पाहत ताटकळत उभा राहिला. पिवळी जर्सी ब्रॅडली विगिन्सच्या अंगावर होती. त्याने आणि त्याच्या संघाने पाठच्या गटाचा वेग उतरवला आणि इव्हान्सला परत येऊ दिलं.

याला दुर्दैव म्हणणं चूक, अपघात म्हणणंही चूक. हा घातपात. 'अपघात' आणि 'घातपात' यांतला फरक आपल्या भाषेत लख्ख आहे, तो वापरावा.

माझ्या मते शब्दांची उतरंड अशी लागेल. कारण कळत नाही आणि कुणाला बोलही लावता येत नाही, तिथे 'कुठे माशी शिंकली कोण जाणे'. कारण कळतं पण हातात काही नव्हतं, तिथे 'दुर्दैव'. हातात होतं आणि निसटलं, तिथे 'चूक भोवली'. आणि 'करंटा' हा शब्द सायकलस्वारांसाठी कृपा करून वापरू नका. करंटा म्हणजे ज्याने चालून आलेलं स्वतः लाथाडलं. रेमों पुलिदोर तीनदा दुसरा आणि पाच वेळा तिसरा आला, पिवळी जर्सी एकही दिवस अंगाला लागली नाही, म्हणून मराठीत त्याला करंटा म्हटलेलं मी वाचलं आहे. फार वाईट वाटलं. फ्रान्सने त्या माणसावर विजेत्या आंकेतीलपेक्षा जास्त माया केली. त्याला कमनशिबी म्हणा. तेही पूर्ण खरं नाही, कारण १९६४ मध्ये मोनॅकोला एक फेरी बाकी असताना टप्पा संपला असं समजून तो आधीच सुसाट सुटला आणि बोनसचा वेळ (टप्पा जिंकणाऱ्याच्या एकूण वेळेतून वजा होणारे सेकंद) आंकेतीलच्या पदरात पडला. ती टूर पुलिदोरने ५५ सेकंदांनी गमावली. ती चूकच.

पाऊलवाट
'दुर्दैव' शब्द जिथे अपुरा पडतो असं एक उदाहरण देते. साल १९१३. युजेन क्रिस्तोफ तुर्मालेचा घाट उतरत असताना सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, तुटला. नियम असा की दुरुस्ती स्पर्धकाने स्वतः करायची, कुणाचीही मदत घ्यायची नाही. दुसरी सायकल मागायची तर बातच नको. त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरांहून जास्त पायपीट करून सँत-मारी-द-कांपाँ गावातली लोहाराची भट्टी गाठली. तिथे लोखंड तापवून, ठोकून स्वतःच्या हाताने फोर्क सांधला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. एका हातात तापलेलं लोखंड, दुसऱ्या हातात हातोडा. मग भाता कोण ओढणार? भट्टीवरच्या एका पोराने ओढला. झालं, परक्याची मदत घेतली म्हणून दहा मिनिटांचा दंड. पुढे तो तीन मिनिटांवर आणला, पण तोवर शर्यत केव्हाच हातची गेली होती.

फोर्क तुटला हे दुर्दैव. भात्याचा दंड हा दुष्काळातला तेरावा महिना. आणि सहा वर्षांनी, १९१९ मध्ये, इतिहासातली पहिली पिवळी जर्सी अंगावर असताना शर्यत संपत आली तेव्हा त्याचा फोर्क पुन्हा तुटला. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्याला काय म्हणायचं, मला शब्द सापडलेला नाही.

तेरा आकड्यावरून आठवलं. ज्याला १३ क्रमांक मिळतो तो स्वार पाठीवरचा एक आकडा उलटा लावतो, अपशकुन टळावा म्हणून. पंचही चालवून घेतात.

घाटमाथा
वा, पाऊलवाट ताई. भात्याची गोष्ट मला अर्धवटच माहीत होती. आता दुसऱ्या शब्दाकडे वळू या का?

अक्षरओळ
वळू या. 'खिलाडूवृत्ती' खटकते त्याचं कारण माझ्या लेखी सरळ आहे. मराठीत ती आपण हरणाऱ्याकडून मागतो. 'पराभव खिलाडूवृत्तीने स्वीकारला', 'निकाल खिलाडूपणे घ्या', 'रडीचा डाव खेळू नका'. टप्प्यांच्या शर्यतीत मागणी उलट्या बाजूने होते. ज्याचं फावलं आहे, ज्याला आयती संधी मिळाली आहे, त्याने हात आखडता घ्यावा ही अपेक्षा. हरणाऱ्याने गप्प बसणं आणि जिंकणाऱ्याने थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी 'उमदेपणा' हा शब्द मला पटतो.

एडी मर्क्सचं बघा. १२ जुलै १९७१, पिरेनीजमधला कोल द माँते, धो धो पाऊस आणि गारा. पिवळ्या जर्सीतला लुईस ओकान्या सात मिनिटांहून जास्त पुढे होता. उतारावरच्या एका वळणावर मर्क्स पडला, ओकान्याही पडला. मर्क्स उठून गेला. ओकान्या उठतो न उठतो तोच मागून आलेला झुटेमेल्क त्याच्यावर आदळला. ओकान्याला हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. पिवळी जर्सी मर्क्सकडे आली आणि दुसऱ्या दिवशी ती घालायला त्याने नकार दिला. कुणी मागितलं नव्हतं, नियमात नव्हतं. शर्यत त्याने पुढे जिंकलीच, सोडली नाही. हा उमदेपणा.

मागचं चाक
मग २००३ मध्ये उलरिख थांबला तो? ल्यूझ आर्दिदाँच्या चढावर एका प्रेक्षकाच्या पिशवीत आर्मस्ट्राँगचं हँडल अडकलं आणि तो आडवा झाला. उलरिख पुढे निघून जाऊ शकला असता.

अक्षरओळ
ती परतफेड, साहेब. २००१ मध्ये पेरसूर्दच्या उतारावर उलरिख रस्ता सोडून खाली गेला होता तेव्हा आर्मस्ट्राँग थांबला होता. म्हणजे मनाने उलरिख उमदा असेलही, पण त्या कृतीचं नाव परतफेड. आर्मस्ट्राँगने उठून त्याच चढावर हल्ला केला आणि टप्पा ४० सेकंदांनी जिंकला. पुढे २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं उत्तेजकांपायी गेली, तो भाग वेगळा.

पाऊलवाट
इथेच माझी अडचण आहे. परतफेडीचा हिशेब एकदा सुरू झाला की तो कुठून धरायचा? रथाचं चाक जमिनीत रुतल्यावर कर्ण अर्जुनाला म्हणाला, धर्म पाळ, चाक काढेपर्यंत थांब. त्यावर कृष्णाने विचारलं, आजवर तुझा धर्म कुठे गेला होता? २०१० ची टूर थेट याच वळणाने गेली. दुसऱ्या टप्प्यात स्पाकडे जाताना निसरड्या उतारावर श्लेक बंधूंसकट बरेच जण पडले. पिवळ्या जर्सीतल्या फाबियान कान्चेलाराने अख्खा जथा थोपवून धरला. कान्चेलारा श्लेकच्याच संघाचा. दुसऱ्याच दिवशी आरेनबेर्गच्या दगडी रस्त्यांवर फ्रँक श्लेक पडला, त्याच्या मागे कोंतादोर अडकला. पुढे अँडी श्लेक आणि तोच कान्चेलारा. त्या दिवशी कुणी कुणासाठी थांबलं नाही, आणि कोंतादोरने श्लेकच्या तुलनेत मिनिटाहून जास्त गमावलं. मग चेन पडली तेव्हा कोंतादोरनेच का थांबावं?

मी त्याची बाजू घेत नाही. त्याने त्याच रात्री व्हिडिओ टाकून झाल्या प्रकाराबद्दल खंत व्यक्त केली, म्हणजे त्यालाही ते डाचलं होतं. पण 'खिलाडूवृत्ती दाखवली नाही' हे वाक्य अर्धी गोष्ट सांगतं.

घाटमाथा
अगदी पटलं. आणि स्वारांचा संकेत असा की शर्यत पेटलेली असेल तर थांबायचं बंधन नाही. दगडी रस्त्यांवर ती पेटलेलीच होती. पोर द बालेसवर श्लेकने स्वतःच पेटवली होती. २०१७ च्या जिरोत (इटलीतली अशीच शर्यत, तिथे आघाडीवरच्याची जर्सी गुलाबी) ऊंब्राइल खिंडीच्या पायथ्याशी टॉम ड्युमुलँचं पोट बिघडलं, गुलाबी जर्सी अंगावर असताना त्याला रस्त्याकडेला उतरून बसावं लागलं. पुढचा गट थोडा घुटमळला आणि मग निघून गेला, कारण शर्यत पेटली होती. त्याने ती जिरो तरीही जिंकली, किन्तानावर ३१ सेकंदांनी.

काही ठिकाणी संकेताचा नियम झालेला आहे. सपाट टप्प्यात शेवटच्या ३ (आता काही टप्प्यांत ५) किलोमीटरच्या आत पडलात किंवा चाक गेलं तर ज्या गटात होतात त्याच गटाचा वेळ मिळतो. त्या हद्दीच्या अलीकडे मात्र सगळं माणसांच्या मनावर.

मागचं चाक
एक शब्द माझ्याकडून. जो नायकासाठी वारा अडवतो, पाणी आणतो, चाक काढून देतो त्याला फ्रेंचमध्ये घरगड्याचाच शब्द आहे, दोमेस्तिक. आपण 'सहायक स्वार' असलं काहीतरी पुस्तकी लिहितो. 'गडी' का नाही? शेतावरचा गडी आणि कबड्डीतला गडी, दोन्ही अर्थ आहेतच. १९३४ मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने आपलं पुढचं चाक काढून नायक आंतोनँ मान्यला दिलं आणि स्वतः रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसला. तो फोटो प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी तर मान्य मागे अडकलाय म्हटल्यावर हा उतरलेला घाट पुन्हा उलटा चढून मदतीला गेला. मान्यने ती टूर जिंकली. व्हिएतोला ना खिलाडू म्हणता येईल ना उमदा, कारण ते त्याचं काम होतं. पण किती जड काम. मला वाटतं 'गडी' शब्दात ते ओझं येतं.

अक्षरओळ
'गडी' छानच. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. राजा आपला, तर गडीही आपलाच असू दे.

घाटमाथा
मग माझी दोन वाक्यं मी अशी बदलतो: 'ऐन चढावर चेनने दगा दिला. कोंतादोरने डाव साधला.' 'डाव साधला' यात नियम मोडल्याचा आरोप नाही, पण कौतुकही नाही. चालेल?

पाऊलवाट
चालेल, फक्त पुढे एक ओळ हवी. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधाच्या प्रकरणात क्रीडा लवादाने कोंतादोरचं ते विजेतेपद काढून घेतलं आणि ते श्लेककडे गेलं. ते न लिहिता '२०१० चा विजेता कोंतादोर' एवढंच छापलं तर वाचक चुकेल.

आणि 'उमदेपणा'साठी ताजं उदाहरण हवं असेल तर २१ जुलै २०२२ घ्या. कोल द स्पाँदेलच्या उतारावर खडीत विंगेगार्डचा प्रतिस्पर्धी पोगाचार घसरला. पिवळ्या जर्सीतल्या विंगेगार्डने वेग कमी करून त्याला येऊ दिलं, पोगाचारने जवळ येऊन हात पुढे केला आणि त्याने तो धरला. मग ओताकामच्या चढावर विंगेगार्डने त्याला मागे टाकून एक मिनिट चार सेकंदांनी टप्पा मारला. बातम्यांत याला 'खिलाडूवृत्तीचं दर्शन' म्हटलं होतं. तिथे 'उमदेपणा' लिहून बघा, वाक्य कसं बसतं ते.

घाटमाथा
बघितलं. 'विंगेगार्डने उमदेपणा दाखवला' यापेक्षा 'विंगेगार्ड उमदेपणाने थांबला' हे जास्त मराठी वाटतं. तसंच ठेवतो. आता 'थोपवणे' या क्रियापदाबद्दल कुणाचा आक्षेप असेल तर सांगा. कान्चेलाराने स्पाला जे केलं त्याला मी 'शर्यत थोपवली' असंच लिहिणार आहे.