आईची लिथियमची गोळी चालू आहे, हात खूप थरथरतायत, गुरुवारपर्यंत थांबू का?

आईला बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) आहे, ६ वर्षं लिथियम घेते, ३०० च्या ३ गोळ्या. हात आधीपासून थोडे थरथरायचेच पण ४-५ दिवसांत फार वाढलंय, सकाळी कपबशी धरली तर निम्मा चहा बशीत सांडला. चालताना तोल जातोय, बोलणं जड येतंय आणि कालपासून जुलाब. गुडघे दुखतात म्हणून आठवडाभर केमिस्टकडून डायक्लोफेनॅक आणून घेतेय, त्याचा काही संबंध असेल का? रक्तातली लिथियमची लेव्हल तपासून दीड वर्ष तरी झालं असेल. डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे.

उत्तर १
अजिबात थांबू नका, आजच इमर्जन्सीला न्या आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका. मी स्वतः ११ वर्षं लिथियमवर आहे. बारीक थरथर मलाही असते, सही करताना कळते, पण तोल जाणं, जड जीभ, जुलाब असं सगळं एकदम आलं की लिथियम अंगात साठलंय असं धरूनच चालायचं. मला हे मे महिन्यात झालेलं, विदर्भातलं लग्न, दोन दिवस ऊन आणि पाणी प्यायचं भानच नाही.

उत्तर २
मी सिस्टर आहे, मानसोपचार वॉर्डला काम केलंय. संबंध आहे ताई. लिथियम बाहेर पडतं ते किडनीतून, आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी ते बाहेर पडणं कमी होतं त्यामुळे डोस तोच राहून लेव्हल चढते. बीपीच्या काही गोळ्यांनी पण होतं, टेल्मिसार्टन त्यातलीच, लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या पण. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. लेव्हल साधारण ०.६ ते १.० लागते, १.५ च्या वर धोका. एरवी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात पण आज १२ तास बघत बसू नका. नंतर दर ६ महिन्यांनी लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉइड, कॅल्शियम करत जा. आणि कुणी सांगितलं म्हणून मीठ एकदम बंद करू नका, त्यानेही लेव्हल वाढते.

प्रश्न विचारणारी
दुपारीच नेलं, लेव्हल १.९ आली. ॲडमिट केलंय, सलाइन चालू आहे, उद्या परत रक्त घेणार. केमिस्टने विचारलं नाही आणि आम्हीही लिथियमचं सांगितलं नाही, हे फार लागलंय मनाला. एक राहिलं, आई संकष्टीला दिवसभर पाणीसुद्धा जेमतेम पिते, ते चालेल का?

उत्तर २
नाही चालणार. उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून आणि पाणी भरपूर पिऊन. लेव्हल उतरली की इथे कळवा नक्की.