लेकीच्या दाढेत पांढरं फिलिंग भरायचंय, पण त्यात असतं काय?

कंदीपेढा

लेक आठ वर्षांची आहे. खालची उजवी दाढ, ती सहाव्या वर्षी येते ती पक्की, तिला खड्डा पडलाय. अजून दुखत नाही, पण शेवेचा कण अडकला की बोट घालून बसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही दाढ पांढऱ्या मटेरियलने भरू आणि बाकीच्या तीन पक्क्या दाढांच्या खाचांना सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून खाचा बुजवणारा पातळ थर, लावून टाकू. मी हो म्हणून आले. घरी नवरा म्हणाला, ही बाळ असताना बीपीए बीपीए करत प्लास्टिकच्या बाटल्या तूच फेकल्यास ना? मग आता प्लास्टिक थेट तोंडात, आणि तेही कायमचं? बीपीए म्हणजे काही प्लास्टिकमधलं रसायन, शरीरातल्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतं असं म्हणतात. त्याचं बरोबर होतं म्हणून राग जास्त आला.

सासूबाईंच्या दाढेत चांदी आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. त्या म्हणतात चांदीच भरा, आमची बघ, ढिम्म हललेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांदी आम्ही आता ठेवतच नाही. बीपीएचं विचारलं तर "काही होत नाही हो" एवढंच.

बुधवारी जायचंय. माहिती असणाऱ्यांनी सांगा. लवंग आणि कडुनिंब सुचवू नका, ते करून झालंय.

रोखठोक_नाना

युरोपने हे फिलिंग कधीच बंद केलं. तिकडचा नको झालेला माल आपल्याकडे खपवतात. मला फॉरवर्ड आलं होतं, सापडलं की टाकतो.

निवृत्त_रसायन

नाना, नका शोधू. युरोपियन संघाने बंद केली ती चांदी, पांढरं नव्हे. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्यासाठी जुलै २०१८ पासून, आणि डॉक्टरांना अगदीच गरज वाटली तर तेवढा अपवाद ठेवून सगळ्यांसाठी १ जानेवारी २०२५ पासून. आपण चांदी म्हणतो त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. बंदीमागचं मोठं कारण तोंड नाही, गटार आहे: दवाखान्यातून सांडपाण्यात जाणारा पारा. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ चा. जपानमधल्या ज्या गावाजवळच्या समुद्रातले मासे खाऊन माणसं पाऱ्याने पंगू झाली, त्याचं नाव कराराला दिलंय. भारतानेही २०१८ मध्ये तो मान्य केला. मात्र सासूबाईंची दाढ चांगली असेल तर उगाच उकरून काढू नका. पाऱ्याची वाफ जास्त निघते ती उकरतानाच.

आता पांढऱ्याबद्दल. त्याला प्लास्टिक म्हणणं अर्धवट आहे. वजनाने साधारण सत्तर-ऐंशी टक्के तर काचेची नाहीतर सिलिकाची पूड असते, आणि ती धरून ठेवायला रेझिन, प्लास्टिकचा भाग तो एवढाच. त्या रेझिनचा मुख्य रेणू बिस-जीएमए. अमेरिकेत राफेल बोवेन यांनी तो दातांसाठी तयार केला, पेटंट १९६२ चं. तो बनवायला बीपीए वापरतात हे खरं. पण भाकरी पिठाची असली तरी भाकरीतून परत पीठ निघत नाही. बिस-जीएमएमध्ये बीपीए ज्या जोडाने बांधलेलं असतं तो जोड लाळेने तुटत नाही, कारखान्यात मागे राहिलेला बीपीएचा अंश तेवढा त्यात असतो.

घोळ केला तो त्याच्या चुलतभावाने, बिस-डीएमएने. त्याचा जोड लाळेतली एन्झाइम्स तोडतात आणि बीपीए मोकळं होतं. १९९६ मध्ये स्पेनच्या ग्रानादामधल्या संशोधकांनी १८ जणांच्या दातांना सीलंट लावून तासाभरातली लाळ तपासली, तीत बीपीए सापडलं आणि जगभर गहजब झाला. त्या सीलंटमध्ये हा चुलतभाऊ होता. आता बहुतेक कंपन्या तो वापरत नाहीत. तुमच्या डॉक्टरांकडे डब्याबरोबरचं सुरक्षापत्रक असतं, त्यात नाव शोधता येईल. पुढच्या तपासण्यांतही फिलिंगनंतर लाळेतलं बीपीए काही तास वाढलेलं दिसतं, लघवीतलं दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि मग उतरतं.

तरी "काही होत नाही" हे वाक्य मी सही करून देणार नाही. खाण्यातून रोज किती बीपीए चालेल याची युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा २०१५ मध्ये शरीराच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅम होती. २०२३ मध्ये त्यांनी ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजारपट खाली. असेच धोके तपासणाऱ्या जर्मनीच्या सरकारी संस्थेला हा आकडा पटलेला नाही. म्हणजे शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

कंदीपेढा

काका, भाकरी कळली. पण वीस हजारपट वाचून झोप गेली. मग भरू की नको?

मिरजवाली

ताई, भरा. आता ही कोण सांगणारी असं वाटेल. मी डॉक्टर नाही. मिरजेत दाताच्या दवाखान्यात २००३ पासून असिस्टंट आहे. बारावी झाली, शेजारच्या काकू म्हणाल्या दवाखान्यात मुलगी पाहिजे, आणि गेले. तेव्हा चांदीच जास्त भरायचो. खलात पारा आणि पूड घोटायची, फडक्यात पिळून जादा पारा काढायचा. सर ओरडायचे, हात लावू नको, खिडकी उघड. पाऱ्याची एवढी भीती घातलेली की सांडलेला थेंब मी पोस्टकार्डाने गोळा करायची. पाऱ्याने मला काही केलं नाही. केलं ते या पांढऱ्याने, म्हणून लिहायला बसले.

फिलिंगच्या आधी दाताला एक पातळ औषध चोळतात, त्याला बॉन्डिंग म्हणतात. उजेडाने घट्ट होऊ नये म्हणून छोट्या काळ्या बाटलीत येतं. एक थेंब वाटीत घ्यायचा, बारीक ब्रशने दाताला लावायचा, हवा मारायची, लाईट धरायचा. बाटली उलटी केली की तोंडाशी थेंब ओघळतो, तो मी अंगठ्याने पुसायची. दिवसातून दहा-पंधरा वेळा. ग्लोव्ह आहे ना हातात, मग काय!

२०११ च्या उन्हाळ्यात उजव्या अंगठ्याची साल निघायला लागली. मग पहिल्या बोटाची. चिरा पडल्या, पोळी लाटताना रक्त यायचं. वाटलं भांड्यांचा साबण, मग वाटलं ग्लोव्हची पावडर. साबण बदलला, खोबरेल लावलं, कुणीतरी सांगितलं म्हणून वांगं सोडलं. दिवाळीत आठ दिवस सुट्टी होती, हात लख्ख बरा झाला. कामावर गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्वचेच्या डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी एकच विचारलं, कोणती बोटं? मी दाखवली. म्हणाले, भांडी दोन्ही हातांनी घासता ना, मग डावा हात कसा चांगला? पाठीवर वेगवेगळी रसायनं लावलेल्या पट्ट्या चिकटवल्या, ४८ तासांनी काढल्या, ९६ तासांनी परत बघितलं. एका ठिकाणी लालभडक फोड. म्हणाले, तुम्हाला हेमाची ॲलर्जी आहे. माझ्या मोठ्या जावेचं नाव हेमा! घरात अजून हसतात.

तर ही हेमा बॉन्डिंगमधलं एक रसायन. रेणू इतका बारीक की लॅटेक्सच्या ग्लोव्हमधून काही मिनिटांत आरपार जातो. नायट्राइल थोडा जास्त टिकतो, एवढंच. थेंब लागला की ग्लोव्ह काढून हात धुवायचा, हा नियम. मला आठ वर्षांत कुणी सांगितला नव्हता. सरांनाही माहीत नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. थोडा देते. ही ॲलर्जी एकदा धरली की जन्माची असते. तेव्हापासून मी केसपेपर, एक्स-रे आणि हत्यारं उकळणं एवढंच बघते.

एवढं रामायण यासाठी सांगितलं की त्रास देतं ते कच्चं रेझिन. नीट कडक झालेलं फिलिंग दाढेत बऱ्यापैकी गप्प बसतं. पूर्ण शंभर टक्के कधीच कडक होत नाही हे मीही ऐकलंय, पण सुटून बाहेर येतो तो भाग फार थोडा. म्हणून बुधवारी बघायचं ते हे, की कच्चं राहायला नको.

आमच्याकडे एकदा फिलिंग निघून परत येणारे पेशंट वाढले. मटेरियलला शिव्या घातल्या, कंपनी बदलली. शेवटी माल पुरवणाऱ्या माणसाने खिशातून मीटर काढून निळ्या लाईटखाली धरला, तर प्रकाश निम्म्यावर आलेला. लाईटच्या टोकाला जुन्या रेझिनची खरपुडी चिकटली होती. ब्लेडने खरवडली आणि काम झालं. महिनाभर कुणी टोकाकडे बघितलंच नव्हतं, त्यात मीही आले.

तुम्ही आई म्हणून शेजारी उभ्या राहा. खड्डा खोल असेल तर एका दमात भरत नाहीत, दोनेक मिलिमीटरचा थर, लाईट, परत थर. बऱ्याच मटेरियलला थरामागे वीस सेकंद लागतात, डब्यावर लिहिलेलं असतं. लाईटचं टोक दाताला भिडल्यासारखं जवळ हवं. लेकीला डोळे मिटायला सांगा नाहीतर तो नारिंगी चष्मा मागा, मुलं हमखास त्या निळ्याकडे टक लावतात. आणि लाळ आत शिरली की सगळं मुसळ केरात, म्हणून रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, लावतील का विचारा. लहान मुलं त्याला रडतात, पण दाढ कोरडी राहते.

आता सीलंटचं, हे लोक सोडून देतात. हवा लागते त्या वरच्या थरातलं रेझिन ऑक्सिजनमुळे नीट घट्ट होत नाही, चिकट राहतं. सुटायचं ते जास्त करून तिथूनच. फिलिंगचा तो थर घासून पॉलिश करताना निघतो. सीलंटला सहसा पॉलिश करत नाहीत, म्हणून ओल्या कापसाने किंवा प्युमिसने (दात घासायची बारीक दगडी पूड) पुसायला सांगा. मग लगेच अर्धा मिनिट चूळ. थुंकायची, गिळायची नाही.

उसाचा_रस

मिरजवाली ताई, मग जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट, दातात भरायचं दुसरं मटेरियल) का नाही भरत? त्यात रेझिन नसतं असं वाचलं.

मिरजवाली

दुधाच्या दाढेला खुशाल भरा. दाताला आपोआप धरतं, फ्लोराइड सोडतं. पण पक्क्या दाढेवर जिथे चावायचा सगळा भार येतो तिथे लवकर झिजतं, आणि या पोरीला ती दाढ साठ-सत्तर वर्षं वापरायचीय.

शिवाय जीआयसी दोन तऱ्हेचं येतं. लाईटने कडक होणारं असतं त्यात आमच्या जाऊबाई असतातच. माझी स्वतःची दाढ किडली तेव्हा सर तेच घेऊन आले होते. मी तोंड मिटलं आणि म्हटलं, आधी डबा दाखवा. आपोआप घट्ट होणारं साधं भरून घेतलं. दोन वर्षांनी झिजलं, परत भरलं. चालतंय.

अवांतर: भाचीच्या लग्नात हौसेने जेल नेलपॉलिश लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बोटं वांग्यासारखी सुजली. त्यातही हेमा! निळ्याजांभळ्या दिव्याखाली कडक करतात तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. कॉलेजच्या मुली घरी किट आणून स्वतःच लावतात, कातडीवर सांडतात, दिवा कमजोर असतो. त्यांना ही ॲलर्जी धरली तर उद्या दाढ भरताना पंचाईत. तुमच्यापैकी कुणाला जेलने पुरळ आलं असेल तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा.

रोखठोक_नाना

फॉरवर्ड सापडलं. चांदीबद्दलच होतं. असो.

कंदीपेढा

गुरुवार सकाळ. काल दाढ भरून आलो. तीन सीलंट पुढच्या शुक्रवारी.

रबर डॅम नव्हता, पण डॉक्टरीणबाईंनी कापूस तीनदा बदलला. मी सेकंद मोजायला लागले तर लेकच मोठ्याने मोजायला लागली, तोंड उघडं ठेवून, "आआ, ओओ". लाईट दोनदा धरला. मी टोकाकडे बघत होते हे त्यांना कळलं, आणि त्यांनी हसून टोक पुसून दाखवलं. बिस-डीएमएचं विचारलं तेव्हा मात्र चमकल्या, पण पत्रक काढून दिलं. नाव नव्हतं. चूळ भरली, लेकीने बेसिनबाहेर थुंकून ठेवली. घरी आल्यावर म्हणाली दाढ उंच लागतेय. आज सकाळी नेऊन घासून आणली, आता चकली खातेय.

एक राहिलं. तिथली असिस्टंट, असेल विशीतली, बाटलीचं तोंड ग्लोव्हच्या अंगठ्याने पुसत होती. मला तुमचं सगळं आठवलं, पण डॉक्टरीणबाईंसमोर बोलवेना. त्यांना वाटेल ही बाई आता आम्हाला शिकवायला आली. शुक्रवारी सांगू का?

मिरजवाली

सांगा, पण खुर्चीपाशी नको. सीलंट झाल्यावर ती बिल करायला बाहेर येईल, तेव्हा ग्लोव्ह काढलेले असतील. उजवा अंगठा बघा. साल निघत असेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा म्हणावं, आणि दाताच्या दवाखान्यात काम करते हे पहिल्या वाक्यात सांग म्हणावं. निघत नसेल तरी बाटली टिश्यूने पुसायला सांगा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल, मिरजेची एक बाई म्हणाली म्हणून.