कॉम्प्रेसर सुरू होताना एमसीबी पडतो, म्हणून थेट ३२ अँपियरचा लावायचा?

काळी पक्कड
लांज्याला माझ्या धाकट्या भावाचं दुचाकीचं गॅरेज आहे. दिवाळीत त्याने ३ एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर घेतला. मीटर रस्त्याच्या अंगाला, कॉम्प्रेसर मागच्या पडवीत. मध्ये पाइपातून नेलेली ३० मीटर वायर, २.५ स्क्वेअरची (जाडी २.५ चौरस मिलिमीटर). बोर्डात १६ अँपियरचा सी टाइप एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण. सकाळी रिकाम्या टाकीवर मशीन नीट उठायचं, पण टाकी भरून बंद झालं की पुन्हा सुरू होताना एमसीबी खाली. वायरमनने १६ काढून ३२ लावला नि पाच मिनिटांत गेला. एमसीबी पडायचा थांबला. गेल्या आठवड्यात प्लगची पिन काळी झालेली दिसली. सॉकेट उघडलं तर आतल्या वायरचं पीव्हीसी वितळून तांबं उघडं पडलं होतं. त्याच भिंतीला पेट्रोलचे कॅन टेकवलेले असतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. एमसीबी वायरसाठी असतो, मोटरसाठी नाही. आधी वायर बघायची, मग एमसीबीचा आकडा ठरवायचा. एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर तरी सोडतोच आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडला पाहिजे, असं त्याचं प्रमाण आहे. म्हणजे ३२ वाला ३६ अँपियरला हलणारच नाही. पाइपातली २.५ ची तांब्याची वायर सोसते साधारण २० ते २४. मधल्या फरकात वायर जळते आणि एमसीबी बघत बसतो.

तीस वर्षं पान्हा
दादा, वायर जळाली हे वाईटच, पण दोष चुकीच्या ठिकाणी लावताय. माझ्या गॅरेजात किटकॅट फ्यूज होते तेव्हापासून कॉम्प्रेसर चालतोय. ३ एचपीची मोटर उठताना क्षणभर ८० ते १०० अँपियर ओढते. तेवढ्या एका सेकंदात वायर तापत नाही. तुमचा सॉकेट तापला, कारण १६ अँपियरच्या प्लगवर १६ अँपियरची मोटर रोज तासन्‌तास चालली आणि त्यात स्क्रू ढिला असणार. ३२ लावला नसता तरी तो सॉकेट जळालाच असता. गिऱ्हाईक चाक काढून उभं असताना दर अर्ध्या तासाने बोर्डाकडे पळत जाणं ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. ३२ ठेवा, प्लग काढा, वायर थेट जोडा.

काळी पक्कड
काका, प्लगचं तुमचं म्हणणं मान्य. इतक्या लोडला प्लग नकोच. पण एका सेकंदाचा प्रश्न नाही हो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. तेव्हा तीच मोटर २० च्या पुढे जाते. त्यात पट्टा जास्त ताणलेला असेल, बेअरिंग जड झालं असेल, तर २६–२७ अँपियर अर्धा-अर्धा तास. ते ३२ ला दिसतच नाही.

तिसरी फेज
एवढं कशाला? १६ अँपियरचाच एमसीबी ठेवा, फक्त सी ऐवजी डी टाइप. सी टाइप ५ ते १० पटीला झटक्यात पडतो, म्हणजे १६ वाला ८० ते १६० मध्ये कुठेही. मोटरचा झटका नेमका तिथेच येतो. डी टाइप १० ते २० पटीला पडतो, १६० च्या खाली हलणार नाही. वायरही बदलायला नको.

अर्थिंग
हा सल्ला कारखान्यात ठीक, कारण तिथे ट्रान्सफॉर्मर दाराशी असतो. लांज्यात नाही. डी १६ झटक्यात पडेलच याची खात्री ३२० अँपियरला. २३० व्होल्टवर तेवढा करंट यायचा तर शॉर्ट झालेल्या पूर्ण वाटेचा रोध ०.७ ओहमच्या आसपासच असायला हवा. २.५ ची ३० मीटर वायर, जाऊन-येऊन ६० मीटर, एकटीच जवळपास ०.४८ ओहम खाते. खांबापासूनची सर्व्हिस वायर आणि गावातली लाइन धरा. ३२० येणारच नाही, आणि शॉर्ट झालेली वायर काही सेकंद पेटत राहील.

त्याच आकड्यातून दुसरं बघा. ८० अँपियरच्या झटक्याला या वायरवरच सुमारे ३८ व्होल्ट जातात. मोटरला उरले १९२. जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे जवळपास ३० टक्के गेला. मोटर कण्हत उठते, झटका लांबतो, एमसीबी पडतो. ६ स्क्वेअर टाकली तर हाच तोटा १६ व्होल्टवर येतो. अनेकदा एमसीबी पडायचं मूळ बारीक वायरच असते.

हडसनकाठचा
मी न्यू जर्सीत इलेक्ट्रिकल कामात आहे. मूळ लेखातल्या एका वाक्याला हरकत घेतो. इथल्या नियमांत मोटरच्या सर्किटला ब्रेकर मोटरच्या करंटच्या २५० टक्क्यांपर्यंत चालतो. ३ एचपी, २३० व्होल्टला तक्त्यात १७ अँपियर धरतात. वायर १२५ टक्क्यांनी काढायची, म्हणजे २१ च्या थोडी वर, आणि ब्रेकर ४० चाही कायदेशीर. वायरपेक्षा ब्रेकर मोठा! हे चालतं, कारण ओव्हरलोडची जबाबदारी वेगळ्या रिलेवर असते आणि ब्रेकरकडे फक्त शॉर्ट सर्किट. तुमच्या भावाकडे असा रिले असलेला स्टार्टर आहे का? नसेल तर चूक तिथे आहे. नुसत्या ३२ च्या आकड्यात नाही.

काळी पक्कड
नाही. टाकीतल्या दाबावर चालू-बंद होणाऱ्या प्रेशर स्विचमधून थेट मोटर. तुमचं पटलं. ‘एमसीबी फक्त वायरसाठी’ हे मी सरसकट लिहिलं, त्याला ‘रिले नसेल तर’ ही अट हवी होती. पण गावात रिलेशिवाय मशीन लावून ३२ टाकणारे वायरमन मी डझनाने पाहिलेत. भांडण त्यांच्याशी आहे.

हवा टाइट
मी कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. सगळे बोर्डाभोवती फिरताय. ‘रिकाम्या टाकीवर उठतो, भरल्यावर पडतो’ हे वाक्य पुन्हा वाचा. बंद होताना प्रेशर स्विचपाशी ‘फुस्स’ आवाज येतो का? तो अनलोडर. हेड आणि टाकी यांमधल्या नळीतली हवा तो सोडतो, म्हणजे पुढच्या वेळी पिस्टन मोकळा उठतो. अनलोडर अडकला असेल तर आवाजच येत नाही. आणि आवाज थांबतच नसेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय आणि टाकीतली हवा उलटी येतेय. दोन्हींत मोटरला दाबाविरुद्ध उठावं लागतं. व्हॉल्व्ह काही शे रुपयांचा. तोवर ६ स्क्वेअर काय नि ३२ काय, मोटर रडतच राहणार.

तिसरी फेज
डी टाइपचं मागे घेतो, वायरची लांबी मी धरली नव्हती. पण थ्री फेज कनेक्शन घेतलं तर हीच ३ एचपी ५ अँपियरच्या आत चालेल.

तीस वर्षं पान्हा
आणि एक फेज गेली की? पावसाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून दोनदा जाते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नसेल तर मोटर भाजून निघते. भार वाढवून घ्यायचा खर्च वेगळाच.

अर्थिंग
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का? गाड्या धुतात, फरशी ओली, पायात चप्पल. लांज्याच्या जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध १० ओहमही मोठ्या कष्टाने मिळतो. मोटरची बॉडी लाइव्ह झाली तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपियर जमिनीत जातील. १६ चा एमसीबी त्याला कित्येक मिनिटं घेईल, ३२ चा कधीच पडणार नाही. तोवर टाकीला हात लावणारा पोरगा? ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी डोळ्याची पापणी लवायच्या आत तोडतो.

तीस वर्षं पान्हा
लावला होता. जूनमध्ये पाऊस लागला की दिवसाला चारदा पडायचा. काढून टाकला. धंदा करायचा की बटण वर करत बसायचं?

अर्थिंग
काका, तो पडत होता कारण कुठेतरी करंट खरंच गळत होता. मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) एकेक सर्किट तपासून घ्या, बहुतेक बाहेरच्या दिव्यात किंवा पाण्याच्या पंपात पाणी शिरलेलं सापडेल. कॉम्प्रेसरला स्वतंत्र आरसीसीबी द्या, म्हणजे दिव्यामुळे तो बंद पडणार नाही. हाताखाली दोन पोरं आहेत ना तुमच्या?

काळी पक्कड
रविवारी लांज्याला जाऊन आलो. मशीन बंद केल्यावर ‘फुस्स’ थांबेचना. ‘हवा टाइट’ म्हणाले तेच, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या सीटवर गंज होता. तो बदलला. वायर ६ स्क्वेअर, प्लग काढून डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर, रिले मोटरच्या पाटीवरच्या १६ अँपियरवर, बोर्डात सी २५ आणि कॉम्प्रेसरला वेगळा आरसीसीबी. भरल्या टाकीवर दहा वेळा बंद-चालू केलं, एकदाही पडला नाही. संध्याकाळी सात वाजता क्लॅम्प मीटरवर १७.४ आले, व्होल्टेज २०५. अर्थिंगचा खड्डा अजून जुनाच आहे, तो पुढच्या खेपेला.

तीस वर्षं पान्हा
व्हॉल्व्ह माझाही बघतो. आरसीसीबीचं अजून पटलेलं नाही, पण मेगरवाला तुमच्या ओळखीचा असेल तर सांगा.