अंडं फुटलं, पण पिल्लू बाहेर येत नाही?

एकाने विचारलंय की व्हेल्ड शॅमेलिऑनच्या (पाळला जाणारा, रंग बदलणारा एक सरडा) अंड्याला चीर पडून सहा तास झाले, पिल्लू नुसतं डोकं बाहेर काढून बसलंय, ओढून काढू का? अजिबात नको, हात लावू नका. आत राहिलेला बलक ते शोषून घेत असतं. त्याला कधी कधी पूर्ण दिवस लागतो. आमच्याकडे (आम्ही अमेरिकेत असतो) पहिल्या खेपेला मी घाई केली आणि पिल्लू गेलं. अजून वाईट वाटतं.

ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं भुसभुशीत खनिज) सहा ते नऊ महिने जपलेली अंडी फुटायच्या आधी घामेजतात. कवचावर बारीक थेंब येतात, मग टोकाला चांदणीसारखी चीर पडते. बाहेर आलेलं पिल्लू बोटाच्या पेरावर मावतं, आणि एवढ्याशा जिवाचे दोन डोळे दोन दिशांना फिरत असतात!

खायला बिनपंखी फळमाश्या आणि अगदी बारीक रातकिडे, कॅल्शियमची पूड लावून. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. वाटीतलं पाणी त्यांना कळतच नाही, पानांवर फवारा मारा, थेंब चाटतात. यूव्हीबी दिवा (अतिनील किरण देणारा) हवाच. दोन-तीन महिन्यांत एकमेकांच्या शेपट्या चावायला लागतात, तेव्हा वेगळी करा.

आणि ज्यांनी गावाकडचा, म्हणजे भारतातला शॅमेलिऑन पाळू का असं विचारलंय त्यांना कळकळीने सांगते, तो भारताच्या 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याला झाडावरच राहू द्या.