'व्हेजिटेबल आयव्हरी'ला मराठीत काय म्हणाल?

पानकिडा: अनुवादात अडकलोय. इक्वेडोरमधल्या टाग्वा नावाच्या पामवर लेख आहे. त्याच्या बिया पिकल्या की हस्तिदंतासारख्या पांढऱ्या, टणक होतात आणि त्यांची बटणं करतात. मूळ लेखात पानोपानी 'व्हेजिटेबल आयव्हरी'. मी 'वनस्पतिजन्य हस्तिदंत' लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचा शेरा: 'झाडाला दात?' आता काय करू?

रिकामटेकडी: 'शाकाहारी हस्तिदंत' करा. तसाही हत्ती शाकाहारीच.

उंबरठा: बाईंचं चुकलं नाही. आयव्हरी म्हटल्यावर ऐकणाऱ्याला दात दिसत नाही. आपल्या शब्दात हत्ती आणि दात दोघंही हजर. पण या झाडाच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच फायटेलेफस आहे. ग्रीकमध्ये फायटॉन म्हणजे वनस्पती, एलेफास म्हणजे हत्ती आणि हस्तिदंतसुद्धा. रुइझ आणि पावोन या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १७९८ साली ते ठेवलं. त्यांना चाललं, तर आपल्याला का चालू नये?

ऱ्हस्वदीर्घ: निदान 'हस्तीदंत' कुणी लिहू नका. मूळ हस्तिन्, समासात 'ति' ऱ्हस्व.

पानकिडा: कुणी लिहिलंच नाहीये हो.

बीजांड: वनस्पतिशास्त्र शिकवलंय, म्हणून बोलते. टणक होतो तो बीमधला भ्रूणपोष. कोवळ्या बीत आधी पिण्याजोगं पाणी असतं, मग त्याची जेली होते, मग दगड. हा दगड म्हणजे रोपाची शिदोरी. बी रुजताना तो विरघळत जातो आणि अंकुर त्यावर जगतो. म्हणजे दात नव्हे, घास आहे तो!

उंबरठा: वा! जर्मनमध्ये 'श्टाइननुस' म्हणतात, दगडी बी. या बियांचा मोठा व्यापार हांबुर्गमार्गे चालायचा. मग आपण 'अश्मबीज' म्हणूया.

रिकामटेकडी: अश्मबीज ऐकून मुतखड्याचं औषध वाटतं. सरळ 'टाग्वा' लिहा, वाचक मरत नाही.

उंबरठा: असंच म्हणत म्हणत निम्मी भाषा उसनी झाली.

पानकिडा: बरं, 'पाम'चं काय? ताड की माड?

बीजांड: टाग्वाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. माडावर दोन्ही फुलं एकाच झाडावर, ताडात झाडं वेगळी. तेव्हा ताड जवळचा. लागवडीतली मेखही तीच. नुसते नर निघाले तर फळ नाही, आणि पहिलं फळ धरायला दहा वर्षांच्या वर जातात. म्हणून मुद्दाम लावण्यापेक्षा जंगल तोडताना, कुरणं करताना ही झाडं राखून ठेवतात. पानं छपराला, बिया विकायला.

रिकामटेकडी: पण ताड म्हटलं की मान वर जाते. आपण 'ताडमाड वाढलाय' म्हणतो. या प्रजातीतल्या काही झाडांचं खोड तर बुटकं, कधी आडवं पडलेलं.

बीजांड: हे मान्य. 'ताडकुळातलं झाड' म्हणा आणि सुटा.

जुनापुराणा: मला वेगळंच खटकलं. 'बटणं' का? मराठीत गुंडी आहे ना. आजी शेवटपर्यंत 'गुंडी लाव' म्हणायची.

ऱ्हस्वदीर्घ: आमच्याकडे गुंडी कापडाची, गोल, फाशात अडकवायची. भोकं पाडलेलं चपटं ते बटण. दोन वस्तू आहेत.

जुनापुराणा: बटणही इंग्रजीतून आलेलं नसावं. पोर्तुगीजमध्ये 'बोतांव' आहे, मला तिकडचाच वास येतो.

उंबरठा: शेवटचा 'ण' कुठून आणलात मग? इंग्रजीच आहे ते.

पानकिडा: मंडळी, हस्तिदंत...? शुक्रवारी लेख द्यायचाय. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकनं हा धंदा बसवला, तो परिच्छेद तर अजून बाकी आहे.

जुनापुराणा: देतो हो उत्तर. आधी मला सांगा, गुंडी ज्यात अडकते त्याला तुमच्याकडे बिरडं म्हणतात की काज?

ऱ्हस्वदीर्घ: काज म्हणजे शिवलेलं भोक. बिरडं वेगळं.

रिकामटेकडी: आमच्याकडे बिरडं म्हणजे गुंडीच.