बेळगावात राहून लिंक्डइनवर लोकेशन बेंगळुरू टाकलं तर ते खोटं होतंय काय?

उद्यमबागचा_पोरगा
मंडळी सरळ विचारतो, शिव्या घालायच्या तर घाला. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाचा कारखाना) क्वालिटीला हाय, सात वर्षं झाली. डिप्लोमा केलो, मग नोकरी करत करत बीई केलो. लिंक्डइनवर प्रोफाइल चार वर्षं होतं म्हणजे नुसतं होतं, फोटो मामाच्या लग्नातला कापून लावलेला, खाली कंपनीचं नाव, बास. चार वर्षात दोन मेसेज. एक इन्शुरन्सवाला, दुसरा म्हणाला आधी दोन हजार भरा मग इंटरव्ह्यू लावतो. गेल्या महिन्यात दोस्त म्हणाला लोकेशन बेंगळुरू कर लेका, बेळगाव बघून कोण विचारूलालंय तुला. केलो. तीन आठवड्यात पाच फोन! बाकी काय्येक बदललो नाही, फक्त लोकेशन. आता दोस्ताचाच थोरला भाऊ म्हणतोय ही फसवणूक हाय, कळलं तर नाव जाईल. माझं म्हणणं असं की मी जायला तयार हाय, रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला बसलो की सकाळी बेंगळुरात, मग मी बेंगळुरूचाच की. ह्यात खोटं काय झालं?

शहापूरकर_८४
काही खोटं नाही. बिनधास्त ठेव. तिकडं बसलेला माणूस फिल्टर लावतो, बेंगळुरू प्लस पन्नास किलोमीटर, आपण पाचशे किलोमीटरवर, म्हणजे आपण त्याच्या यादीतच नाही. यादीत नाही म्हणजे जगातच नाही. सात वर्षांचा अनुभव घेऊन काय रेल्वे फाटकावर उभा राहणार? आधी दारात पाय ठेवायचा, मग खरं सांगायचं.

पुण्यातली_खानापूरवाली
मी त्या यादीच्या पलीकडच्या बाजूला बसते म्हणून लिहिते. नऊ वर्षं रिक्रूटमेंट, त्यातली सहा ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांसाठी. शहापूरकरांचं अर्धं बरोबर आहे, फिल्टर लागतो हे खरंच. पण रिक्रूटरकडचा जो पैसे भरून घेतलेला सर्च असतो त्यात लोकेशनला नुसतं "इथे राहणारे" एवढंच नसतं, "इथे राहणारे किंवा इथे यायला तयार" असाही पर्याय असतो आणि आम्ही बऱ्याचदा तोच लावतो, कारण क्वालिटी, कास्टिंग, मशीनिंग ह्या लाइनला माणूस शहरात मिळतच नाही, तो बेळगाव, कोल्हापूर, राजकोट, कोइमतूर असल्याच ठिकाणी असतो. तू यायला तयार आहेस हे कळायला ओपन टू वर्क (नोकरी शोधतोय हे दाखवायची सोय) मध्ये जाऊन पदांची नावं आणि शहरं भरावी लागतात. पाच पदं भरता येतात. शहरांत बेंगळुरू टाक, पुणे टाक, हुबळी-धारवाड टाक. राहतोस तिथे मात्र बेळगावच ठेव.
आणि एक प्रश्न. ते पाच फोन आले, त्यातले किती पुढे गेले?

उद्यमबागचा_पोरगा
ताई खरं सांगू का, एक. बाकी चौघांनी दुसऱ्याच मिनिटाला विचारलं आज दुपारी व्हाइटफील्डला येऊन जातोस का, उद्या पीण्या भागात येतोस का. मी म्हणालो सर मी सध्या बेळगावात आहे, आणि तिकडनं नुसतं "ओ… ओके". मग फोन नाही.

पुण्यातली_खानापूरवाली
हेच. आम्हाला त्या "ओ… ओके" मध्ये काय वाटतं सांगते, अंतराचं काही वाटत नाही, वाटतं हा पहिल्याच ओळीत असं करतो तर सीटीसी (वर्षाचा एकूण पगार) आणि नोटिस पिरियड पण असाच सांगत असणार. पाचशे किलोमीटर माफ असतात रे.

शहापूरकर_८४
ताई, तुम्ही चांगल्या रिक्रूटर असाल, सगळे नसतात. निम्मे लोक "यायला तयार" वाला पर्याय लावतच नाहीत, त्यांना उद्या जॉइन होणारा पाहिजे. आणि पुण्यात जाऊन "लिहिते, बसते" म्हणायला लागलात, खानापुरात आपल्याकडच्या बायकांसारखं "लिवतो, बसतो" म्हणत होता की 😄

पुण्यातली_खानापूरवाली
घरी फोनवर अजून "येतो गं आई" च म्हणते, काळजी नसावी 😄 पण उद्या जॉइन होणारा ज्यांना पाहिजे त्यांना बेळगावचा माणूस तसाही चालणार नसतो, मग त्यांच्या यादीत येऊन मिळवलंस काय?

निपाणी_अण्णा
मी साठीचा माणूस, स्वतःचं मशीन शॉप आहे, बारा माणसं. हे सगळं वाचून हसू आलं. तीस वर्षात एक माणूस मी कम्प्युटर बघून घेतला नाही. व्हीएमसी मशीन चालवणारा पाहिजे असला की दोन फोन करतो, एक कागलला, एक गोकुळ शिरगावला, संध्याकाळी माणूस दारात. त्याचा हात कसा आहे, पितो काय, आधीच्या मालकाचा ॲडव्हान्स घेऊन पळाला काय, सगळं त्या दोन फोनात कळतं. तुमच्या त्या प्रोफाइलात हे कळतंय काय? पोरा, पाच वर्षं एका ठिकाणी नीट काम कर, लोक आपणहून विचारत येतात.

मांडे_कुंदा
अण्णा तो सात वर्षं नीट काम करूनच विचारूलालाय 😂

अनगोळची_वैनी
अण्णा, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलतो. तुमचे ते दोन फोन कुणाला जातात? पुरुषाला. ओळख कुठं होते? चहाच्या गाड्यावर, बिडीच्या सुट्टीत, टेम्पो भरताना. तिथं आम्ही थांबत नाही. मी एम.कॉम., टॅली, जीएसटी सगळं केलो, लग्नाआधी पाच वर्षं एका एक्स्पोर्ट करणाऱ्या फर्ममध्ये अकाउंट्स बघत होतो, मग दोन बाळंतपणं आणि सासूबाईंचं आजारपण, साडेचार वर्षं घरी. परत काम शोधायला लागलो तर ओळखीतनं काय आलं माहीत आहे? "वैनी शिकवण्या घ्या की, घरबसल्या बरं." माझ्यासाठी कुणी कागलला फोन लावला नाही.
मग लिंक्डइनवर बसलो. भावजी म्हणाले मधली साडेचार वर्षं झाकून टाक, जुन्या नोकरीची तारीख ओढून आजपर्यंत आण. मी नाही केलो. तिथं करिअर ब्रेक म्हणून वेगळं टाकता येतं, २०२२ पासून आहे ते, कारण पण निवडता येतं. मी सरळ टाकलो, घरातली सेवा आणि मुलं, आणि त्याच्याखाली लिहिलो की ह्या काळात दोन छोट्या दुकानांचे जीएसटी रिटर्न घरून भरत होतो. ते खरं होतं, मलाच ते काम वाटत नव्हतं. सात महिने लागले, पण आता हुबळीच्या एका फर्मचं काम घरून करतो. लोकेशन बेळगावच होतं.

निपाणी_अण्णा
वैनी, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. खरं आहे, माझ्या बारा माणसांत बाई एकच आहे, ती पण मेव्हण्याची मुलगी. बाकी माझं मत तेच.

उद्यमबागचा_पोरगा
वैनी एक नंबर. पण ताई, ते ओपन टू वर्क टाकलं तर फोटोभोवती हिरवी चकती येते की. आमचे मालक, मालकाचा मेव्हणा, एचआर, सगळे हाईत तिथं. उद्यमबागेत कुणी शिंकलं तर मच्छेत कळतं.

पुण्यातली_खानापूरवाली
दोन पर्याय असतात. एक सगळ्यांना दिसेल असा, त्याला चकती. दुसरा फक्त रिक्रूटरना दिसेल असा, त्याला चकती नाही. तू दुसरा घे. तुझ्याच कंपनीच्या रिक्रूटरना दिसू नये म्हणून ते प्रयत्न करतात पण हमी देत नाहीत, हे तिथंच लिहिलेलं असतं, वाच. बाहेरची एजन्सी तुमच्या मालकासाठी माणूस शोधत असेल तर तिला दिसणारच.

कंग्राळीचा_वाघ
आणि बदल करताना "नेटवर्कला कळवा" ते बटण बंद कर आधी!! मी गेल्या वर्षी फक्त माझ्या पदाचं नाव नीट केलो, "इंजि." होतं ते "प्रोसेस इंजिनियर" केलो, कसं काय की ते नव्या नोकरीसारखं सगळ्यांना गेलं. दुसऱ्या दिवशी चाळीस जणांचं अभिनंदन, त्यात आमच्या प्लांट हेडचं पण, आणि साडेदहाला केबिनमध्ये बोलावणं. म्हणाले कुठं चाललास ते आम्हाला तरी सांग. इन्क्रिमेंट तसंच लटकलं, अजून लटकूलालंय.

मांडे_कुंदा
माझं वेगळं मत. लोकेशन बिकेशन सोडा, आपल्या पोरांचा अबाउट, म्हणजे प्रोफाइलवरची स्वतःची माहिती, वाचवत नाही. सगळ्यांचा एआयकडनं लिहून घेतलेला, "रिझल्ट ड्रिव्हन, पॅशनेट, डायनॅमिक प्रोफेशनल". फौंड्रीत भर मे महिन्यात भट्टीजवळ उभा राहणारा माणूस पॅशनेट?! घाम पुसत पॅशनेट? अडीच हजारावर अक्षरं लिहायला मिळतात, पण उघडल्याबरोबर दिसतात पहिल्या दोन-तीन ओळी, त्यात हेच असलं तर पुढं कोण दाबून वाचतंय.

पुण्यातली_खानापूरवाली
हे शंभर टक्के. आम्ही शोधताना कामाचे शब्द टाकतो. पॅशनेट हा शब्द मी नऊ वर्षात एकदाही सर्चमध्ये टाकलेला नाही. पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं) टाकते, सीएमएम (मापं घेणारं मशीन) टाकते, ग्रीन सँड (साच्याची ओली वाळू), एसजी आयर्न (चिवट ओतीव लोखंड), एफएमईए (बिघाड आधीच ओळखायची पद्धत) टाकते. आणि आकडा शोधते. "क्वालिटी सुधारली" म्हणजे काय? रिजेक्शन (नापास माल) किती होतं, किती केलंस, कुठल्या पार्टवर, किती महिन्यांत, ते लिही.

हायड्रॉलिकवाला
इथं माझा कडक विरोध. मी बावीस वर्षं ह्याच लाइनला, आठ वर्षं क्वालिटी हेड. ताई म्हणतात आकडा लिही. कुणाचा आकडा? रिजेक्शन आठ टक्क्यांवरनं साडेतीनवर आलं तर त्यात पॅटर्न शॉपचा माणूस, वाळूचा ओलावा दर तासाला तपासणारी पोरगी, मेल्टिंगवाला, फेटलिंगचे (कास्टिंग घासून साफ करणारे) चार लोक, सगळे आहेत. क्वालिटीवाला बहुतेक वेळा रिपोर्ट करतो. तो लिहिणार "मी साडेचार टक्के कमी केलं". इंटरव्ह्यूला मी असल्यांना एकच विचारतो, ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधलं गॅसचं भोक, कुठनं येत होता, कोअरमधनं (आतली पोकळी करणारा गाभा) की साच्याच्या वाळूतनं, आणि तुला कसं कळलं? निम्मे तिथंच आडवे. लोकेशन खोटं असलं तर बस भाड्याचा प्रश्न, हे खोटं असलं तर माणूसच खोटा.
शिवाय गिऱ्हाइकाचं नाव, पार्टचं नाव, रिजेक्शनचा आकडा उघड्यावर टाकायचा नसतो. ऑडिटला आलेल्या गिऱ्हाइकानं ते वाचलं तर? कितीतरी कंपन्यांत सही घेतलेली असते तसली.

पुण्यातली_खानापूरवाली
दुसरा मुद्दा मान्य, गिऱ्हाइकाचं नाव नकोच. "ट्रॅक्टरच्या एका मोठ्या कंपनीसाठी हाउसिंग" एवढं पुरतं. पहिला नाही. तुम्ही म्हणता तो प्रश्न विचारायला माणूस तुमच्यासमोर येऊन बसायला पाहिजे ना, तो आकड्याशिवाय तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. "टीममध्ये होतो, माझ्याकडे वाळूची आणि कोअरची तपासणी होती" असं लिहिलं की खोटं होत नाही.

हायड्रॉलिकवाला
असं लिहिणारा मी अजून एक बघितलेला नाही. दिसला तर मीच घेतो.

उद्यमबागचा_पोरगा
सर ब्लोहोल कोअरमधनं येत होता, कोअर नीट भाजली नव्हती आणि व्हेंट (गॅस जायच्या वाटा) बुजलेले. मी चाळीस पीस कापून बघितलो तेव्हा कळलं, सगळे भोकं कोअरच्याच बाजूला. पण हे लिंक्डइनवर कोण वाचणार म्हणून लिहिलो नाही.

हायड्रॉलिकवाला
अरे मग हेच लिही की!! चाळीस पीस कापले ही ओळ तुझ्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या वर टाक.

शहापूरकर_८४
बरं एक राहिलं. बेळगाव लिहायचं म्हणता, पण कुठलं? २०१४ ला नाव बदललं, इंग्रजीत बेलगाम आणि बेळगावी दोन्ही चालू आहे, आमच्या मार्क्सकार्डावर एक, आधारवर दुसरं.

पुण्यातली_खानापूरवाली
चांगला प्रश्न आहे, नावाच्या भांडणात न जाता सांगते. लोकेशन यादीतनं निवडायचं असतं, तिथं काही करू नका. अबाउटमध्ये दोन्ही स्पेलिंग एकेकदा येऊ देत, कोण कुठल्या स्पेलिंगनं शोधेल सांगता येत नाही. आणि भाषा लिहा रे, आपल्याकडचे लोक भाषांचा रकाना मोकळाच ठेवतात. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी. ज्या कंपनीचा एक प्लांट चाकणला आणि दुसरा धारवाडला, तिला दोन्हीकडच्या शॉप फ्लोअरवर बोलणारा माणूस कुठं मिळतो? आपल्याच पट्ट्यात.

कंग्राळीचा_वाघ
कन्नड लिहायचं? आमच्या घरात बाबांनी बघितलं तर जेवण बंद होईल.

अनगोळची_वैनी
बाबा बाजारात भाजी कुठल्या भाषेत घेतात ते विचार एकदा. पहिली मराठी लिही, मातृभाषा म्हणून, मग दुसरी. येतंय ते येतंय लिहायला लाज कसली?

कंग्राळीचा_वाघ
येतंय म्हणजे शिव्या येतात आणि "बेग बा" (लवकर ये) येतं, तेवढ्याला काय लिहू?

मांडे_कुंदा
त्याला पण खालची पायरी आहे त्यात, प्राथमिक. आता सीमाप्रश्न काढू नका हां, इथं नोकरीचं चाललंय.

उद्यमबागचा_पोरगा
बरं मी रात्री बसून केलो. लोकेशन परत बेळगाव. शहापूरकर रागावू नका, मला अजूनबी वाटतंय की तुमचं चूक नव्हतं, पाचातला एक फोन तर त्यामुळंच पुढं गेला, शनिवारी तिथं ऑनलाइन इंटरव्ह्यू हाय. पण त्यांना आधीच फोन करून सांगितलो मी बेळगावात राहतो, यायला एक महिना लागेल. ते म्हणाले ठीक आहे. म्हणजे त्यांना फरकच पडला नाही, कुठल्या बाजूनं हिशोब करायचा कळंना. ओपन टू वर्क फक्त रिक्रूटरना. फोटो फॅक्टरीच्या भिंतीजवळ नवा काढलो. नावाखालची हेडलाइन अशी केलोय, इंग्रजीत हाय, हितं मराठीत टाकतो:
"क्वालिटी इंजिनियर | ग्रे आणि एसजी आयर्न कास्टिंग | ब्लोहोल, श्रिंकेज यांचं मूळ शोधणं | पीपॅप, सीएमएम, स्पेक्ट्रो | बेंगळुरू, पुणे, धारवाडला यायला तयार"
दोनशे वीस अक्षरं चालतात, बसतंय सगळं.

शहापूरकर_८४
राग नाही. पण शनिवारचं काय झालं ते सांग, मी माझं बेंगळुरू तोपर्यंत काढत नाही.

हायड्रॉलिकवाला
एसजी आयर्नच्या जोडीला डक्टाइल आयर्न पण लिही. धातू एकच, पण एक्स्पोर्टवाल्या कंपन्यांचे लोक डक्टाइल म्हणूनच शोधतात. आणि स्पेक्ट्रो, ते धातूत काय काय आहे ते तपासायचं मशीन, तू स्वतः चालवतोस की लॅबवाला चालवतो?

उद्यमबागचा_पोरगा
लॅबवाला सर. मी रिपोर्ट बघतो. काढतो ते.